भाजीला हंगाम असतोच

बियाण्यांच्या पाकिटांवर, रोपवाटिकांच्या फलकांवर आणि गच्चीवरच्या बागेच्या वर्गांत सध्या एक मत फार ठामपणे मांडले जाते. भाजीचा हंगाम ही जुन्या काळातली गोष्ट झाली, असे ते मत आहे. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, जमीन गोठत नाही, ऊन बारा महिने असते. हाताशी संकरित बियाणे, ठिबक आणि शेडनेट असले की कोणतीही भाजी केव्हाही लावावी. मृग, हस्त आणि रब्बी-खरीप यांचा हिशेब आजोबांच्या पिढीबरोबर संपला, असे सांगितले जाते. त्यात आता हवामान बदलाची जोड मिळाली आहे. पाऊसच वेळेवर येत नाही, मग वेळापत्रक कशाला पाळायचे, असा सवाल केला जातो.

हे मत चुकीचे आहे आणि त्यातून नुकसानही होते. उष्ण प्रदेशात हंगाम नसतो, हा त्याचा पायाच ठिसूळ आहे. थंड देशांत लागवडीचा काळ गोठणाऱ्या रात्रींनी बांधलेला असतो. आपल्याकडे तो उन्हाळ्याच्या तापलेल्या रात्रींनी, पावसाच्या झोडीने आणि दिवसाच्या लांबीने बांधलेला असतो. मर्यादा इथेही आहे, फक्त ती वेगळ्या बाजूने येते. ती न ओळखता मार्चमध्ये फ्लॉवर आणि एप्रिलमध्ये टोमॅटो लावणाऱ्या माणसाला शेवटी वाटते की आपल्या हाताला गुण नाही. दोष त्याच्या हाताचा नसतो, त्याला दिलेल्या सल्ल्याचा असतो.

आधी टोमॅटोच पाहू, कारण नव्या माणसाचे पहिले रोप बहुधा टोमॅटोचे असते. टोमॅटोच्या झाडाला दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीची ऊब जास्त जाचते. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असेल तर फळधारणा उत्तम होते. रात्री सलग २४-२५ अंशांच्या वर राहू लागल्या आणि दिवस ३५ च्या पुढे गेला की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. मुंबईत मे महिन्यात रात्रीचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास असते, नागपुरात त्याहूनही जास्त. तिथे मार्चअखेर लावलेले रोप मेमध्ये हिरवेगार, उंच आणि फुलांनी भरलेले दिसेल, पण फळ मोजकेच देईल. जे फळ लागेल तेही नीट लाल होणार नाही, कारण टोमॅटोला लाली देणारे लायकोपीन तीस अंशांच्या पुढे नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहते. खत वाढवून किंवा पाणी वाढवून यात काहीही बदलत नाही. तेच रोप जुलैत किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात लावले असते तर फुलोऱ्याला थंडावलेल्या रात्री मिळाल्या असत्या.

इथे नारायणगावचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटो होतो आणि एप्रिलपासून नारायणगावचा बाजार त्याने भरतो, हे खरेच आहे. पण तो होतो कशामुळे? जुन्नरचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे झाड फुलावर येण्याच्या काळात, तिथल्या रात्री मुंबई किंवा नागपूरपेक्षा बऱ्याच थंड असतात. उष्णता सोसणाऱ्या जाती, मल्चिंग, बांबू-तारेचा आधार आणि वर्षानुवर्षांचा अनुभव ही पुढची गोष्ट. नारायणगावच्या शेतकऱ्याने हंगाम मोडला नाही. आपल्या गावचा हंगाम त्याने ओळखला. त्याचे वेळापत्रक ठाण्याच्या गच्चीवर आणून ठेवले तर ते चालणार नाही.

दुसरा युक्तिवाद बाजाराचा. मंडईत बारा महिने सगळे मिळते, मग ते कुठे तरी पिकतच असेल ना? पिकते, पण एकाच जागी नाही. वाटाण्याचे पाहा. फुलोऱ्यात तापमान तीसच्या वर गेले की वाटाण्याच्या शेंगा धरत नाहीत. तरी ऑगस्ट-सप्टेंबरात सासवडचा ताजा वाटाणा पुण्याच्या बाजारात असतो. पुरंदर तालुक्याची उंची, पर्जन्यछायेतला बेताचा पाऊस आणि २८ अंशांच्या आसपासचे पावसाळी दिवस यांमुळे तिथे भर पावसाळ्यात वाटाणा होतो. हिवाळ्यात मध्य प्रदेश आणि उत्तर भारताच्या मैदानांतला माल येतो. मैदाने तापली की हिमाचलच्या डोंगरांतला येतो. बाजार बारमाही आहे, कारण ट्रक एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातो. आपली कुंडी किंवा आपले पाच गुंठे कुठेही जात नाहीत.

तिसरा युक्तिवाद संकरित आणि सुधारित जातींचा. तो सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. फ्लॉवर भारतात १८२२ मध्ये इंग्लंडमधून आला. थंड हवेतले ते पीक इथल्या मैदानांत गड्डा धरायला कुरकुरत होते. उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उष्णतेत टिकणाऱ्या झाडांचे बी राखले आणि त्यातून वीस ते सत्तावीस अंशांतही गड्डा धरणारे लवकर येणारे वाण तयार झाले. हा भारतीय शेतीचा मोठा पराक्रम आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. पण त्यातून सिद्ध काय झाले? फ्लॉवरचा हंगाम संपला नाही, उलट फ्लॉवरला अनेक हंगाम मिळाले आणि प्रत्येक वाण आपापल्या हंगामाला आणखी घट्ट बांधला गेला. लवकरचा वाण उशिरा, थंडीत लावला तर झाड वाढण्याआधीच बटणाएवढा गड्डा धरून मोकळे होते. स्नोबॉलसारखा उशिराचा वाण १० ते १६ अंशांची हवा मागतो. तो जुलैत लावला तर पानेच वाढत राहतात आणि गड्डा दिसत नाही. म्हणजे सुधारित जात आली की वेळ पाळण्याची गरज वाढते. पाकिटावर नुसते ‘फ्लॉवर’ लिहिलेले बी घेऊन मनाला येईल तेव्हा पेरणे हा जाती घडवणाऱ्यांच्या कष्टांचा अपमान आहे.

कांदा हीच गोष्ट आणखी स्पष्टपणे सांगतो. महाराष्ट्रात कांदा तीन वेळा लागतो. खरिपाची रोपे मे-जूनमध्ये टाकून जुलै-ऑगस्टमध्ये लावायची, रांगड्याची, म्हणजे उशिराच्या खरिपाची, लागण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि रब्बीची डिसेंबर-जानेवारीत. यावरून ‘कांदा बारमाही आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने निफाड किंवा लासलगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे की तिन्ही वेळा एकच बी वापरता का? खरिपाला एन-५३, बसवंत ७८० किंवा भीमा सुपर. रब्बीला एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने वाण दिले तेच मुळी हंगाम सांगून. बी चुकले की डेंगळे येतात, जोडकांदे होतात किंवा कांदा पोसतच नाही. रब्बीचा कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, खरिपाचा तसा टिकत नाही. कांदा दिवसाची लांबीही मोजतो. आपल्याकडचे वाण अकरा-बारा तासांच्या दिवसात पोसतात. युरोपातल्या अनेक वाणांना चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. मुंबईचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. हौसेने परदेशातून आणलेले असे बी इथे कितीही मायेने वाढवले तरी पातच देईल. या तासांवर कोणतेही तंत्रज्ञान परसबागेत मात करू शकत नाही.

चौथा युक्तिवाद शेडनेटचा. शेडनेट उपयोगी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. दुपारचे ऊन ते अडवते, पाने करपण्यापासून वाचवते आणि रोपवाटिकेला तर फारच कामाचे ठरते. पण रात्र ते थंड करत नाही. टोमॅटोची फुले रात्रीच्या उबेने गळत असतील तर डोक्यावर पन्नास टक्के सावली धरून आपण फक्त प्रकाश कमी करतो. मेमध्ये शेडनेटखाली कोथिंबीर आणि पालक काढता येतो, हेही मान्य. मात्र तापलेल्या मातीत धणे कमी उगवतात, उष्णतेने झाड लवकर फुलावर जाते आणि काढणीचे दिवस कमी मिळतात. जो शेतकरी उन्हाळी कोथिंबिरीचा भाव पाहून हे सारे हिशेबात धरतो, तो शहाणा आहे. जो हौशी माणूस ‘नेट लावले की झाले’ असे ऐकून उतरतो, त्याची फसवणूक होते.

कीड-रोगांचा विषय तर या सल्ल्यात कुठे येतच नाही, आणि तिथेच सर्वांत मोठे नुकसान दडलेले आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच नोंदवला गेला होता. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि उष्ण, कोरड्या हवेत ही माशी झपाट्याने वाढते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा प्रतिकारक वाण दिला आणि असंख्य शेतकऱ्यांना त्याने तारले. पुढे त्याही वाणाची प्रतिकारशक्ती ढासळत गेली, कारण विषाणूही बदलतो. तेव्हा वाणाइतकेच महत्त्व वेळेला आहे. उन्हाळी भेंडी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पेरली तर माशी वाढेपर्यंत झाड मोठे झालेले असते. पेरणी मार्च-एप्रिलपर्यंत लांबवली तर रोग कोवळ्या वयातच गाठतो, आणि रोप जितके कोवळे तितके नुकसान मोठे. उलट डिसेंबरच्या कडाक्यात बी टाकले तर ते उगवतच नाही, कारण भेंडीच्या बियाला १७-१८ अंशांच्या खाली अंकुर फुटत नाही. दोन्ही बाजूंनी वेळ आवळलेली आहे. पर्णगुच्छाने आखडलेला टोमॅटो हीच कथा सांगतो. वेळ चुकवलेल्या पिकावर मग फवारण्या वाढतात आणि ‘घरची विषमुक्त भाजी’ हा बागेचा मूळ हेतूच हरवतो.

आता हवामान बदलाचा मुद्दा. पाऊस बदलला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आगमनाची तारीख मात्र १० जूनवरून ११ जून, म्हणजे जवळपास तिथेच राहिली. यातून काय शिकायचे? हस्त नक्षत्रावर डोळे मिटून पालेभाज्या पेरणाऱ्याने आता आठ-दहा दिवस थांबावे, गादीवाफे उंच करावेत आणि रोपे टाकताना परतीचा पाऊस धरून चालावे. हंगामाच्या कडा सरकल्या आहेत, हंगाम नाहीसा झालेला नाही. हवा बेभरवशाची झाली की वेळेकडे अधिक लक्ष द्यावे लागते. वाट निसरडी झाली म्हणून कोणी डोळे मिटून चालत नाही. आणि उन्हाळे अधिक तापत असतील तर उन्हाळी लागवडीची खिडकी आणखी अरुंद होणार, हे ‘केव्हाही लावा’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते.

बिगरहंगामी मालाला भाव मिळतो, हा शेवटचा मुद्दा आर्थिक आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा ज्यांच्या शेतात माल होता त्यांचे भले झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याच वर्षी मे महिन्यात भाव कोसळल्यामुळे टोमॅटो फेकून देण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली होती, हेही लक्षात ठेवू. बिगरहंगामी पीक हा जोखमीचा व्यवहार आहे. ज्याच्याकडे पाणी, भांडवल, विम्याचा आधार आणि एखादा प्लॉट वाया गेला तरी उभे राहण्याची ताकद आहे, त्याने तो विचारपूर्वक करावा. दोन एकरांच्या शेतकऱ्याला ‘जात नवी आहे, कधीही लावा’ असे सांगून बी विकणारा त्याच्या नुकसानीत वाटेकरी होत नाही.

मग लावायचे केव्हा? उत्तर अवघड नाही, फक्त ते एका ओळीत बसत नाही. देशावर वर्षाची तीन दारे आहेत. पहिले जून-जुलैचे: वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे, भेंडी, गवार, दोडका, कारले, दुधी आणि खरिपाचा कांदा. दुसरे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचे, आणि परसबागेसाठी सर्वांत उदार: कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा, बीट, वाटाणा, मेथी, पालक, कोथिंबीर, लसूण. नवख्याने बागेची सुरुवात इथून करावी. ऑक्टोबरचा ताप उतरू लागतो, पावसाचा चिखल संपतो आणि पुढे चार महिने थंडावलेल्या रात्री मिळतात. तिसरे दार जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत: काकडी, भेंडी, गवार, दुधी, चवळी. कलिंगड त्याहीआधी लावतात. मार्चमध्ये हे दार बंद होते. मार्च ते मे या काळात नवी लागवड थोडी ठेवावी. माती तापवावी, कंपोस्ट मुरवावे, बी निवडावे.

विदर्भात मे महिना ४२ अंशांच्या पुढे जातो, म्हणून तिथे उन्हाळी पेरणी जानेवारीतच उरकलेली बरी. पण तिथली थंडी जास्त खरी असते, त्यामुळे वाटाणा, गाजर आणि उशिराचा फ्लॉवर यांना तिथे चांगला वाव आहे. कोकण आणि गोव्याचे गणित वेगळे. धो धो पावसात वाफ्यावरची पालेभाजी झोडपली जाते, पण मांडवावर चढणारे पडवळ, शिराळे, काकडी यांना जूनची सुरुवात मानवते. गोव्यातली सात शिरांची भेंडी पावसाळ्यातलीच. भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल, मुळा, लाल माठ आणि अलिबागचा पांढरा कांदा उभा राहतो. ज्या प्रदेशात जानेवारीची रात्रही फारशी थंड होत नाही, तिथे उशिराच्या फ्लॉवरचा हट्ट सोडून या पिकांकडे वळणे शहाणपणाचे आहे.

हे ज्ञान आपल्या घरांत होते आणि अजूनही आहे. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, माठ, भेंडी, शिराळे, भोपळा येतो, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेले सगळे. भोगीच्या भाजीत गाजर, वांगी, पावटा, हरभरा, वाटाणा येतो, म्हणजे थंडीच्या तोंडावर लावलेले सगळे. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत होते आणि त्याच सुमारास जळगावच्या भरताच्या वांग्याचा बहर असतो. ज्या पिढ्यांनी हे पदार्थ ठरवले त्यांनी पीक पाहून सण शिजवला. आजही कोणत्याही भाजीसाठी ताटापासून मागे मोजावे: भेंडीला पहिल्या तोडणीपर्यंत ४५ ते ५० दिवस, मेथीला महिनाभर, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-सव्वादोन महिने. फुलोरा कोणत्या आठवड्यात येईल आणि तेव्हा रात्र किती ऊबदार असेल, हे पाहून पेरणीची तारीख काढावी. जुनी नक्षत्रे आणि आजचा तापमापक यांत भांडण नाही, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

बियाणे कंपन्यांकडे आणि कृषी खात्याकडे माझी मागणी साधी आहे. पाकिटावर उगवणशक्ती, शुद्धता आणि चाचणीची तारीख छापावी लागते. ती उगवणशक्ती प्रयोगशाळेतल्या अनुकूल तापमानात मोजलेली असते, मेच्या तापलेल्या वाफ्यात नव्हे. तेव्हा कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ अशी प्रदेशवार पेरणीची मुदत त्याच पाकिटावर, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात छापणे सक्तीचे करा. ‘बारमाही’ हा शब्द ज्या वाणाबद्दल खरा नाही, त्याच्या पाकिटावरून तो काढून टाका.

आणि वाचकहो, तुमच्याकडे विनंती एवढीच. बी घेण्याआधी दुकानदाराला विचारा: हा वाण कोणत्या हंगामाचा? उत्तर ‘कधीही लावा’ असे आले, तर ते पाकीट तिथेच ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा.